अप ओठ, डाऊन ओठ

ट्रम्पेट हातात घेतल्यापासून माझं तोंड ही सार्वजनिक मालमत्ता झाली आहे. पूर्वी लोक माझ्या वजनाबद्दल बोलत, मुलाच्या टक्क्यांबद्दल बोलत, फार तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी काय बोललो याबद्दल बोलत. आता थेट ओठांबद्दल बोलतात. दूधवाला बोलतो, वॉचमन बोलतो, मुलुंड स्टेशनच्या पुलावर मोबाईलची कव्हरं विकणारा बोलतो. "काका, खालचा ओठ जरा आत घ्या," असं परवा एका रिक्षावाल्यानं मला सिग्नलला मागे वळून सांगितलं. मी तेव्हा वाजवत नव्हतो. नुसता बसलो होतो.

या सगळ्याच्या मुळाशी सोसायटीचा गणपती आहे. विसर्जनाला दरवर्षी येणाऱ्या ब्रास बँडनं यंदा भाव वाढवला. डीजे लावायचा तर पोलिसांची भीती, ढोल-ताशा पथकाची तारीख मिळेना. तेव्हा सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे चौसष्ट फ्लॅट आहेत. फ्लॅटमागे एक माणूस धरला तरी एकशे अठ्ठावीस फुप्फुसं होतात. मग बाहेरून हवा विकत कशाला घ्यायची?" ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण तेवढ्यात बटाटेवडे आले होते.

वाद्यं चोर बाजारातून आणली. सगळ्यांवर मेरठचा शिक्का होता. देशभर लग्नाच्या वरातींत जे पितळ चमकतं, त्यातलं बरंचसं मेरठच्या जली कोठी भागात ठोकून-वाकवून तयार होतं. तिथली नादिर अली अँड कंपनी तर १८८५ सालची. वाटप मात्र अस्सल मुलुंडचं झालं. ट्रॉम्बोनची नळी हातभर पुढे सरकते, म्हणून तो कॉरिडॉरच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त बँक मॅनेजरांना. युफोनियम जड, म्हणून तो पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना, कारण लिफ्ट बंद असताना गॅस सिलिंडर वर नेताना त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं. मला ट्रम्पेट, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा. सेक्रेटरींनी स्वतःकडे सॅक्सोफोन ठेवला.

"पण सॅक्सोफोन ब्रासमध्ये येत नाही," मॅनेजर म्हणाले.

"पितळेचा आहे ना?"

"आहे. पण त्याला वेताची पट्टी असते. ती वाजते. १८४६ मध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं पेटंट घेतलं तेव्हापासून तो पावा-क्लॅरिनेटच्या गोतावळ्यात धरतात."

"मग गोतावळा बदलून घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. "ठराव मांडा."

सेक्रेटरी किती धूर्त निघाले, ते मी ट्रम्पेटमध्ये पहिली फुंक मारली तेव्हा कळलं. फुस्स. दुसरी फुंक. फुस्स. आत काही अडकलं असेल म्हणून मी नळीत डोकावून पाहिलं, तर आत काहीच नव्हतं, आणि गंमत अशी की तसंच असतं. सॅक्सोफोनला पट्टी असते, पिपाणीला जिभली असते, पेटीला सूर असतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, तुतारी, शिंग यांना यांतलं काहीही नसतं. त्यांत वाजतात ते तुमचे ओठ. माउथपीसला टेकलेले दोन ओठ सेकंदाला शेकडो वेळा थरथरायचे आणि पुढच्या सगळ्या पितळेनं त्या थरथरीला सुरात आणायचं. म्हणजे इतके पैसे मोजून आणलेलं वाद्य हा नुसता भोंगा, खरं वाद्य मीच. हे कळल्यावर घरात कुणालाही आनंद झाला नाही.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रानं तुतारी आणि पिपाणी यांच्यातला फरक ऐकला. साताऱ्यात 'तुतारी फुंकणारा माणूस' या चिन्हाचे उमेदवार ३२,७७१ मतांनी पडले आणि ज्या चिन्हाला सगळे पिपाणी म्हणत होते, त्यावर उभ्या असलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. महिनाभर चर्चा झाली, पण एकीला जिभली लागते आणि दुसरीला ओठ, हे एकाही सभेत कुणी सांगितलं नाही. केशवसुतांनीसुद्धा १८९३ साली कवितेतून तुतारी मागितली ती आत्मविश्वासानं. मिळाल्यावर ओठ कुठे टेकवायचे, याची चौकशी त्या कवितेत कुठेही नाही. मागताना ती कोण करतं?

मला मात्र करावी लागली. ओळखीच्या ओळखीनं घाटकोपरच्या एका बँडमास्तरांकडे पोचलो. त्यांचं दुकान म्हणजे एका गल्लीच्या तोंडाशी असलेला गाळा. बाहेर सोनेरी फुंद्यांचे लाल डगले टांगलेले, आत छतापर्यंत पितळ. एरवी घाटकोपरातले जैनांचे वरघोडे आणि लग्नांच्या वराती यांतून त्यांना मान वर करायला फुरसत नसते. पण आषाढी एकादशीपासून लग्नं बंद, त्यामुळे चातुर्मासात मास्तर मोकळे होते. मूळचे खानदेशातले. वरच्या ओठाच्या मधोमध रुपयाएवढा गोल वण, त्यांच्या धंद्याचा परवाना.

"भाऊ, तंबाखूची काडी ओठावर आली की कशी थुकता? फू! बस, तसंच करायचं."

"मी तंबाखू खात नाही."

"मग चहाची पत्ती येते का तोंडात?"

"आमच्याकडे गाळणी आहे."

मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ करुणेनं पाहिलं. "भाऊ, तुमच्या घरात थुकण्यासारखं काहीच नाही?"

शेवटी त्यांनी स्वतःच्या चहातली पत्ती माझ्या जिभेवर ठेवली आणि मी ती घाटकोपरच्या दिशेनं उडवली. ट्रम्पेट लावल्यावर पहिला आवाज निघाला. समोरच्या दुकानातला फरसाणवाला बाहेर येऊन आकाशाकडे बघू लागला.

मास्तरांचं शास्त्र तीन कलमांचं होतं. ओठ दातांवर आवळायचे. माउथपीस दाबून धरायचं. गाल फुगवायचे. "गाल म्हणजे टाकी," ते म्हणाले. "दोन-दोन तास चालत वाजवायचं असतं. टाकी नको?" दाबण्यामागेही विचार होता. "एलबीएस रोडवर खड्ड्यात पाय गेला की ट्रम्पेट उसळतो. दाबून धरला नाही तर दातात जातो." कुठल्याही देशाच्या वादनशास्त्रात महापालिकेच्या रस्तेविभागाचा असा विचार झाला नसेल.

आवळून, दाबून, फुगवून मी घरी आलो. बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, "कोणाशी भांडून आलात?"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे पटलं नाही. त्यांचे ऑफिसातले एक जुने सहकारी, त्यांचे शेजारी, असं करत त्यांनी मला अंधेरीला मरोळच्या गावठाणातल्या एका अंकलकडे पाठवलं. अंकल मूळचे गोव्याचे. सूर वाचायला चर्चच्या शाळेत शिकलेले, आणि उभी हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रम्पेट वाजवून आता निवृत्त. त्यांनी माझे ओठ पाहिले आणि छातीवर क्रूस केला.

"बाबा, हे कोणी केलं?"

मी घाटकोपरचं नाव सांगितलं.

"रस्त्यावरचं वाजवणं," ते म्हणाले. "आवळायचं नाही. दाबायचं नाही. गाल तर अजिबात नाही. स्टुडिओत माइक असतो, बाबा. माइकला टाकी लागत नाही. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग मऊ. चंबू कर."

"आणि हसरा चेहरा? पुस्तकात लिहिलंय की..."

"आमच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या काळात हसून वाजवायचे. हसलास की ओठ ताणतात. ताणले की पातळ होतात. तासाभरात संपतात. मग लग्नात जेवायच्या वेळी वाजवणारा कोण?"

नमुना म्हणून त्यांनी चिक चॉकलेटचं नाव घेतलं. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, १९१६ साली हळदोण्यात जन्मलेले. ट्रम्पेट असा वाजवत की मुंबईत त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला तो पाश्चात्त्य ठेका जमवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि १९५१च्या 'अलबेला'त तर ते आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतात. "त्याचे ओठ बघ," अंकल म्हणाले. मी रात्री मोबाईलवर 'अलबेला' लावला आणि चिक चॉकलेट आले की चित्र थांबवून दोन बोटांनी मोठं करून बघू लागलो. मागून आई म्हणाली, "अरे, पुढे भगवानदादा नाचतायत आणि तू मागच्या माणसाच्या तोंडाकडे काय बघतोयस?"

खरी अडचण पुढेच होती. मी दोन्ही गुरू धरले होते, कारण दोघांनाही आगाऊ फी दिली होती. रविवारी सकाळी घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो, २०१४ साली सुरू झाली. तिचा उपयोग ओठ बदलण्यासाठी होईल, असं तिच्या आराखड्यात कुणी लिहिलं नसावं. घाटकोपरला आवळलेले ओठ असल्फ्याला जरा सैल करायचे, साकीनाक्याला गाल आत घ्यायचे, मरोळ नाक्याला कोपरे घट्ट करून चंबू तयार ठेवायचा. एकदा समोरच्या सीटवरच्या बाईंनी हा सगळा प्रवास पाहिला. मी चंबूला पोचलो तेव्हा त्यांनी पर्स उचलली आणि महिलांच्या डब्याकडे निघून गेल्या. सायंकाळी परत येताना हे सगळं उलट्या क्रमानं.

सोमवार ते शुक्रवार ऑफिस होतं, पण मास्तर आणि अंकल दोघांचं एका बाबतीत एकमत होतं: रोज नुसतं माउथपीस घेऊन ओठ थरथरवायचे. वेळ फक्त लोकलमध्ये मिळायचा. सकाळी मुलुंडहून निघालेल्या फास्ट लोकलमध्ये, दाराजवळच्या गर्दीत, मी खिशातून माउथपीस काढून हलकेच लावलं. ब्र्र्र्र्र. आजूबाजूच्या सगळ्या पुरुषांनी आपापले खिसे चाचपले. मी थांबलो, सगळे थांबले. ब्र्र्र्र्र. पुन्हा सगळे खिशात. घाटकोपरपर्यंत हे चाललं. एकजण तर फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत विक्रोळीला, गाडीला थांबा नसताना, उतरायला निघाला. शेवटी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "कोणाचा आहे तो? उचला तरी. घरून असेल."

बोरिवलीला माझी ताई राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनिअर आहे. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मुळात मोजायला हवी होती, असं त्याचं मत आहे. "मामा, तुम्ही कुणाचंही ऐकू नका," तो म्हणाला, आणि लगेच आपलं ऐकवायला बसला.

त्याच्या वाचनातून जे निघालं ते असं. दीडशेहून अधिक वर्षं साहेबलोक माउथपीसचा किती भाग वरच्या ओठावर आणि किती खालच्या ओठावर यावर भांडत आले आहेत. आर्बान नावाच्या फ्रेंच गुरूनं १८६४च्या आपल्या पोथीत लिहिलं, एक तृतीयांश वर, दोन तृतीयांश खाली. फ्रेंच हॉर्नवाले म्हणतात, दोन तृतीयांश वर, एक तृतीयांश खाली. काहीजण निम्मे-निम्मे म्हणतात. हे मी गच्चीवरच्या तालमीत सांगितलं मात्र, निवृत्त मॅनेजर घरातून फूटपट्टी घेऊन आले आणि सगळ्यांचे ओठ मोजू लागले. वरचा ओठ वाढवून मिळावा की खालचा, यावर इतकी जुंपली की रिडेव्हलपमेंटची मीटिंग सौम्य वाटावी. सेक्रेटरींनी सॅक्सोफोन मांडीवर ठेवून नोंद केली: 'ओठांचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.'

भाच्याच्या मते खरी गोष्ट वेगळी होती. फिलिप फार्कस हे शिकागो सिंफनीचे नामांकित हॉर्नवादक. १९६२च्या पुस्तकात त्यांनी सांगितलं की ओठांमधून निघणारी हवा सरळ नळीत गेली पाहिजे. जबडा पुढे करा, पण हवा सरळ. मग ते खरंच तसं होतं का, हे बघण्यासाठी त्यांनी चाळीस नामवंत हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो काढले. १९७० मध्ये ते पुस्तकरूपानं आले. निकाल असा: एकोणचाळीस जणांची हवा खाली जाते, एकाची वर. सरळ कुणाचीच नाही.

"म्हणजे कसं?"

"माउथपीसमध्ये ज्या ओठाचा भाग जास्त, तो दुसऱ्याला रेटतो. वरचा जास्त असेल तर हवा खाली वळते. खालचा जास्त असेल तर वर. तिकडे त्याला डाऊनस्ट्रीम आणि अपस्ट्रीम म्हणतात."

मुंबईच्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावं लागत नाही. एकोणचाळीस डाऊन आणि एक अप, हा संध्याकाळी सातचा दादर स्टेशनचा देखावा आहे. सगळं जग कल्याण-विरारकडे लोटलेलं, आणि समोरून रिकाम्या अप गाडीत एकटाच एकजण खिडकीशी पाय पसरून बसलेला. तोही पोचतो आणि हेही पोचतात. फक्त प्लॅटफॉर्मवरच्या एकोणचाळीस जणांना खात्री असते की तो चुकीच्या गाडीत बसला आहे.

आता माझी गाडी कोणती, हे ठरवणं आलं. त्यासाठी तिकडे माउथपीसची नुसती कडी वापरतात, म्हणजे ओठ उघडे दिसतात. भाच्यानं ताईच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली मोठी रिंग काढली, माझ्या ओठांवर धरली आणि देवघरातली उदबत्ती पेटवून नाकापुढे आणली. धूर कुठे जातो ते बघायचं.

"वाजवा, मामा."

ब्र्र्र्र्र. आम्ही सगळ्यांनी धुराकडे पाहिलं. धूर वर गेला नाही, खालीही गेला नाही. डावीकडे वळला आणि कालनिर्णयावर जाऊन थडकला.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुमची हवा हार्बर लाइनला जाते."

तो मागे हटणाऱ्यांतला नाही. फिलाडेल्फियाचे डोनाल्ड राइनहार्ट नावाचे एक ट्रॉम्बोनवाले गुरू होते. त्यांनी वादकांचे दात, जबडा आणि सूर वर-खाली करताना ओठ कुठे सरकतात हे बघून चार मुख्य प्रकार पाडले आणि पोटप्रकार धरून ते नऊपर्यंत नेले. भाच्यानं माझा जबडा पुढे ओढला, मागे ढकलला, दातांवर मोबाईलचा टॉर्च मारला. ताई बाजूला भाजी निवडत होती. 'नऊ' ऐकल्यावर तिचे कान टवकारले.

"नऊ? मग ग्रहांसारखंच की. याचं कुठलं घर बिघडलंय?"

"आई, हे शास्त्र आहे."

"तेच म्हणते मी. शास्त्रात बघून ठेव. लग्नाआधी कळलं असतं तर मुलीकडच्यांना सांगितलं असतं."

शेवटी माझं वर्गीकरण 'तीन-अ, पण संशयास्पद' असं झालं. जाता जाता भाच्यानं हेही सांगितलं की फार्कस ज्या वाद्यवृंदात होते त्याच वाद्यवृंदात अर्नोल्ड जेकब्स नावाचे ट्यूबावादक होते, १९४४ ते १९८८ अशी चव्वेचाळीस वर्षं. ते शिष्यांना सांगायचे की ओठांच्या मागे लागू नका, गाणं मनात वाजू द्या आणि श्वास मोकळा सोडा, ओठ आपली सोय आपण बघतात. मी हे मोठ्या आनंदानं गच्चीवर सांगितलं. सन्नाटा पसरला.

"मग मोजमापाचं काय?" मॅनेजर फूटपट्टी लपवत म्हणाले.

"मग आम्हा सल्लागारांचं काय?" तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. जेकब्स बहुमतानं फेटाळले गेले.

दरम्यान ओठ सुजला. डेंटिस्टकडे गेलो, कारण दाब शेवटी दातांवर येतो. डॉक्टरांनी आरसा फिरवला.

"वरचा हा दात जरा पुढे आलाय. ट्रम्पेटला तो आड येणार."

"काढावा लागेल?"

"दात राहू दे. ट्रम्पेट काढा."

पण डॉक्टरही अखेर माणूस. बिल करता करता त्यांनी मला लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. त्याचे ओठ दाबून-दाबून इतके फाटले होते की १९३०च्या दशकात काही काळ त्याला वाजवणं थांबवावं लागलं. पुढे जर्मनीत त्याच्या नावाचं ओठांचं मलमही निघालं. तोंडाभोवतीचा गोल स्नायू फाटण्याला १९८२ साली एका शल्यचिकित्सकानं त्याच्याच टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' असं नाव दिलं. मी घरी येऊन बायकोला जरा अभिमानानंच हे सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसाचा आजार आपल्याला झेपणार आहे का? तूप लावा आणि झोपा."

तूप लावल्यावर माउथपीस ओठावरून घसरून थेट हनुवटीवर जातं, ही नोंद जागतिक वादनशास्त्रात माझ्या नावानं व्हावी.

गालांचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. मास्तरांची टाकी खरी की अंकलचे सपाट गाल खरे? मी अंकलपुढे हुकमाचा एक्का टाकला. "अंकल, डिझी गिलेस्पी तर बेडकासारखे गाल फुगवायचा. जगातला एवढा मोठा वादक!"

अंकल शांतपणे म्हणाले, "तो डिझी आहे, बाबा. तू मुलुंडचा आहेस."

गिलेस्पीशी माझं साम्य एकाच बाबतीत जुळलं. १९५३ मध्ये एका पार्टीत त्याच्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि त्याचं तोंड वाकून आकाशाकडे झालं. त्याला तो आवाज आवडला, आणि पुढे त्यानं मुद्दाम तसेच वाकडे ट्रम्पेट बनवून घेतले. माझ्या ट्रम्पेटवर वॉचमनची सायकल पडली. त्याचं तोंड जमिनीकडे झालं. आवाज मलाच ऐकू येईना, त्यामुळे सोसायटीतल्या बऱ्याच लोकांना तोही आवडला.

विसर्जनाचा दिवस उजाडला. सन्मानानं बोलवायचं म्हणून मास्तर आणि अंकल, दोघांनाही आमंत्रण होतं. दोघं गेटपाशी समोरासमोर आले आणि एकमेकांच्या ओठांकडे पाहू लागले, विहीण विहिणीच्या साडीकडे बघते तसे. मिरवणूक निघाली. पहिल्याच वळणावर मॅनेजरांच्या ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकली आणि खजिनदारांची टोपी गटारात गेली. पाऊस सुरू झाला तसा सॅक्सोफोनच्या बटणांखालच्या चामडी गाद्या भिजून फुगल्या आणि सेक्रेटरी हावभावांवर आले. वहिनी तेवढ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुरात वाजवत होत्या. त्यांचे ओठ अप की डाऊन, हे अजून कुणालाही माहीत नाही, कारण इतक्या दिवसांत त्यांना कुणी एकही सल्ला दिला नव्हता. ज्यांचं नीट वाजतं, त्यांच्याकडे बघायला सल्लागारांना वेळ नसतो.

बँड कोलमडतोय असं पाहून मास्तरांनी कुणाच्या तरी हातातला ट्रम्पेट घेतला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आरतीचा सूर असा निघाला की समोरच्या टॉवरमधले लोक बाल्कनीत आले. हे बघून अंकलना राहवेना. त्यांनी आपल्या पेटीतून ट्रम्पेट काढला, चंबू केला, गाल सपाट, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा नाही. तोच सूर. तितकाच गोल, तितकाच खणखणीत. डोळे मिटून ऐकणाऱ्याला कोण कुठला, हे ओळखता आलं नसतं, आणि नाचणाऱ्यांना तर ओळखायचंच नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत वाजवत राहिले. आरती संपली. मास्तर म्हणाले, "छान वाजवता, अंकल. फक्त गाल..." अंकल म्हणाले, "तुमचंही झकास. फक्त तो दाब..."

मग दोघांचंही लक्ष एकाच वेळी माझ्याकडे गेलं आणि दोघं एका सुरात म्हणाले, "हे असं कुणी शिकवलं?"

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. एका संध्याकाळी मास्तरांचा फोन आला.

"भाऊ, उद्या या. पार्टीला पंधरा माणसांचा बँड सांगितलाय आणि वाजवणारे अकराच आहेत."

"मास्तर, मला अजून..."

"वाजवायचं नाही, भाऊ. चारजण नुसते धरून चालतात. डगला घालायचा, ओठाला लावायचं, चेहऱ्यावर भाव आणायचा. अट एकच, फुंकायचं नाही."

मी गेलो. लाल डगला, सोनेरी फुंदे, डोक्यावर तुरा. घाटकोपरच्या रस्त्यावर नवरदेवाच्या घोडीपुढे मी दिमाखात चाललो. फुंकायचं नसल्यामुळे आवळायचं कारण नव्हतं, दाबायचं कारण नव्हतं, गाल आपोआप सपाट होते. नवरीच्या मामांनी माझ्या अंगावरून दोनशे रुपयांची नोट ओवाळली. व्हिडिओवाल्यानं सगळा बँड सोडून माझ्याच तोंडासमोर कॅमेरा धरला.

तो फोटो रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून मरोळला गेला आणि बोरिवलीलाही पोचला. मास्तरांनी कळवलं, "भाऊ, आता बसले बरोबर. गाळ्यात फ्रेम करून लावतो." अंकलचा आवाजी निरोप आला: "बाबा, शाब्बास. हेच मी सांगत होतो. आता ओठ हलवू नको." दोघांचं माझ्या ओठांवर एकमत व्हायची ही पहिलीच वेळ होती.

भाच्यानं मात्र नेहमीप्रमाणे फोटो मोठा करून, त्यावर रेघा मारून, कोन मोजून मगच उत्तर दिलं. "मामा, अभिनंदन! फार्कसला चाळीसांत एकही सापडला नाही. तुमची हवा अगदी सरळ जाते आहे."